डबा सोडून धान्याकडे

संपादकांनी यंदा मागितलेला लेख असा : परदेशात घरच्या घरी बिअर करणारी आपली मुलं तयार डब्यापासून अख्ख्या धान्यापर्यंत कशी जातात, ते सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत सांगा. मी किण्वनशास्त्र शिकवतो आणि माझी सगळी नोकरी चंद्रपूर-गडचिरोलीत झाली. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. महाराष्ट्रात इतरत्रही परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हाच आहे. तेव्हा या लेखात कृती शोधू नये. विषय मी घेतला तो वेगळ्या कारणाने. गेल्या हिवाळ्यात आलेला एक फोन अजून डोक्यातून जात नाही.

फोन माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा होता. मूळचा अहेरी तालुक्यातला, सध्या इंग्लंडमध्ये नोकरीला. तिकडे १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली त्याला कायद्याने मोकळीक दिली. दोन्हीकडे दुकानात डबे मिळतात. साधारण पावणेदोन किलोचा, काकवीसारख्या दाट अर्काचा डबा. त्यात किलोभर साखर आणि पाणी घालून तेवीस लिटर करायचं, झाकणाखालची यीस्टची पुडी टाकायची आणि थांबायचं. त्या मुलाने असे बरेच डबे केले. मग त्याला वाटलं, आता दाण्यापासून सुरुवात करू. त्याने बार्लीचं माल्ट आणलं, भरडलं आणि त्यावर खळखळ उकळतं पाणी ओतलं. तासाभराने पाहिलं तर नुसती खळ. थेंबभर आयोडीन टाकलं तर काळंनिळं. "सर, दाणा चांगला, यीस्ट ताजं, मग गोडी का उतरली नाही?"

उत्तर सोपं होतं, पण ते समजण्यासाठी थोडं खोलात जावं लागेल. वाचकांनी दोन परिच्छेद धीर धरावा.

धान्यात साखर जवळपास नसते, पिष्ट असतं. पिष्ट म्हणजे साखरेच्या मण्यांची लांबच लांब माळ. यीस्टला सुटे मणी खाता येतात, दोन-तीन मण्यांचे तुकडे खाता येतात, अख्खी माळ खाता येत नाही. माळ तोडायचं काम दाणा स्वतः करतो, पण तो रुजायला लागला तरच. दाणा भिजला की त्याच्या गर्भातून जिबरेलिन नावाचं संप्रेरक निघतं. ते सालीखालच्या पेशींना जागं करतं आणि त्या पेशी अमायलेज नावाची विकरं तयार करतात. कोंबाला पानं फुटेपर्यंत अन्न पुरवायची ही दाण्याची सोय. माल्ट करणारा कोंब ऐन वेळी थांबवतो आणि दाणा वाळवतो. विकरं तयार आहेत, पिष्ट अजून शिल्लक आहे, अशा अवस्थेत दाणा अडकून राहतो. हे म्हणजे माल्ट. ते भरडून ठरावीक तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवलं की विकरं पुन्हा कामाला लागतात. याला मॅश म्हणतात.

आता तापमान. बीटा अमायलेज ६० ते ६५ अंशांना उत्तम चालतं आणि सत्तरीपुढे लवकर मरतं. अल्फा अमायलेजला ७० अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं. बीटा माळेच्या टोकाकडून दोन-दोन मणी काढतं, अल्फा मध्येच कुठेही तोडतं. म्हणून ६३ अंशांना ठेवलेल्या मॅशची बिअर हलकी आणि कोरडी होते, ६८ ला ठेवलेल्याची भरीव. पाच अंशांच्या फरकाने पेयाचा स्वभाव बदलतो. माझ्या विद्यार्थ्याने उकळतं पाणी ओतलं तेव्हा दोन्ही विकरं क्षणात संपली. पिष्ट शिजलं, पण तोडणारं कुणी उरलं नाही. डब्यात हे सगळं कारखान्याने आधीच केलेलं असतं. मॅश करून, गाळून, हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा घालून, निर्वात भांड्यात आटवून तो अर्क भरतात. डबेवाल्याकडे यीस्ट सांभाळायचं काम तेवढं उरतं. वीस लिटरसाठी चार-पाच किलो माल्ट भरडणाऱ्याकडे मात्र तापमान, पाणी, गाळणं, तासभर उकळणं आणि झटपट थंड करणं अशी सगळी जबाबदारी येते. चव सुधारते म्हणून लोक धान्याकडे वळतात असं सांगितलं जातं. मला वाटतं, आपल्या वतीने दुसऱ्याने काय केलं होतं, हे जाणून घ्यायची ओढ त्यामागे जास्त असते.

विद्यार्थ्याला हे पटलं. पुढच्या खेपेला त्याचं आयोडीन पिवळंच राहिलं, म्हणजे पिष्ट उरलं नव्हतं. पण फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "सर, आपल्याकडे धान्याला मोड आणून असं कुणी करतं का?" मला सलतो तो हा प्रश्न. अहेरीचा मुलगा. मोहाची दारू त्याला माहीत, गोरगा माहीत. भामरागडला पर्लकोटा आणि पामुलगौतमी जिला मिळतात ती इंद्रावतीही त्याने पाहिलेली. त्या इंद्रावतीपलीकडे बस्तरमध्ये जे घरोघर होतं, ते मात्र त्याला कुणी कधी शिकवलं नव्हतं. आमच्या अभ्यासक्रमात जर्मन बार्ली आहे, जपानी कोजीची बुरशी आहे. लांदा नाही.

लांदा हे तांदळाचं पेय. बस्तरच्या आठवडी बाजारात ते पानाच्या दोन्यात मिळतं. पलीकडच्या एका गावात एका बाईंनी मला ते सुरुवातीपासून करून दाखवलं. तांदूळ भिजवून कुटले. मडक्यात पाणी, तोंडावर गवताचा थर, त्यावर ते पीठ, आणि खाली जाळ. पीठ वाफेवर शिजलं, तसं पसरून ठेवलं. मग बाई थांबल्या. मधून मधून तळवा पिठावर ठेवायच्या आणि उचलायच्या. हाताला सोसवेल इतकं झाल्यावरच त्यांनी दुसरं पीठ मिसळलं. ते होतं मोड आणून वाळवलेल्या मक्याचं; तिकडे मक्याला जोंधरा म्हणतात. मग पाणी घालून मडकं झाकलं. उन्हाळ्यात लवकर तयार होतं, थंडीत वेळ लागतो.

माझ्या विद्यार्थ्याची जी पायरी हुकली, तीच या बाई तळव्याने मोजत होत्या. त्यात आणखी एक बारकावा आहे. बार्लीचं पिष्ट ६०-६५ अंशांना फुलतं, म्हणून ते मॅशमध्येच मोकळं होतं. तांदळाच्या पिष्टाला पुष्कळदा त्याहून जास्त उष्णता लागते, म्हणून ते आधी वेगळं शिजवावं लागतं. मोठ्या कारखान्यात तांदूळ वापरून बिअर करतात तेव्हा त्यासाठी वेगळं भांडं असतं. तांदूळ आधी शिजवा, थंड करा, मग माल्ट मिसळा. गवताच्या थरावरची वाफ हेच काम करते.

इथे एका वादाबद्दल लिहिल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. चर्चासत्रांतून मी तो वर्षानुवर्षं घालतो आहे. आपल्याकडचे बहुतेक अभ्यासक भारतातली सगळी तांदळाची पेयं एका गटात टाकतात : झारखंड-ओडिशाची हंडिया, अरुणाचल-आसामची अपोंग आणि त्यांच्याच रांगेत लांदा. हंडियात रानू नावाची गोळी घालतात. तांदळाचं पीठ आणि झाडपाला यांच्या त्या गोळीत बुरशी आणि यीस्ट वाढलेलं असतं, आणि पिष्ट तोडायचं काम बुरशी करते. जपानची साके, चीनची तांदळाची मद्यं याच घराण्यातली. लांदात माळ तोडतो तो मक्याचा मोड. आफ्रिकेतली मोडाच्या ज्वारीची बिअर, पेरूमधली मोडाच्या मक्याची चिचा आणि युरोपातली बार्लीची बिअर, ही लांदाची भावंडं. एकीकडे बुरशीचं घराणं, दुसरीकडे अंकुराचं. त्यांची सीमा आपल्या दंडकारण्यातून जाते, हे मला अतिशय महत्त्वाचं वाटतं.

विरोधकांचे दोन आक्षेप आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला : ओलसर मक्याला मोड आणताना त्यावरही बुरशी चढते, मग विकर मोडाचं की बुरशीचं, हे ठरवायचं कसं? मोडांचा पृष्ठभाग निर्जंतुक करून विकर मोजावं, हे माझं उत्तर. आतलं विकर दाण्याचंच असतं. दुसरा : मका अमेरिकेतून आला, तो सोळाव्या शतकाआधी इथे नव्हताच, मग ही परंपरा जुनी कशी? मला वाटतं, मक्याआधी दुसऱ्या कुठल्या तरी धान्याचे मोड वापरले जात असतील. नाचणी असेल, कोसरी असेल. हा तर्क आहे, पुरावा नाही. पण मोडाची युक्ती मुळात ठाऊक नसेल तर नवं धान्य हाती आल्यावर त्याला मोड आणून कुटायचं कुणाला का सुचावं? मक्याच्या मोडात बीटा अमायलेज बार्लीपेक्षा फार कमी असतं, त्यामुळे लांदा दाट, गोडसर आणि सौम्य राहतो. साखर होणं आणि तिचं मद्य होणं, दोन्ही एकाच मडक्यात एकाच वेळी चालतं. जोडीला लॅक्टिक आम्लाचे जीवाणू आंबटपणा आणतात. तीन कामं एका मडक्यात, तापमापकाशिवाय. या कामाबद्दल मला नितांत आदर आहे.

बाहेर मात्र या सगळ्याला एकच शब्द, दारू. मोहफुलात साखर तयार असते. फुलं भिजवून आंबवतात आणि मग भट्टीवर ऊर्ध्वपातन करतात, म्हणून ती कडक. तिथे पिष्टाचा प्रश्नच नाही. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहफुलांसाठी वेगळा कायदाच केला होता. गोरगा म्हणजे भेरली माडाचा रस, झाडावरच आंबू लागणारा. लांदा म्हणजे धान्य. हातभट्टीवाले काळा गूळ आणि नवसागर घालून जे गाळतात, त्याचं यातल्या कशाशीच नातं नाही. तरी व्याख्यानानंतर लोक विचारतात, घरी आंबवलं की विषारी होतं ना? मालवणीत २०१५ साली शंभराहून अधिक माणसं मेली ती औद्योगिक मिथेनॉलमुळे. धान्याच्या किण्वनात मिथेनॉल नगण्य असतं. आणि मुतखड्यावर बिअर घ्या, असा सल्ला देणारे तर शिकलेल्या घरांत भेटतात. लघवी वाढते हे खरं, पण मद्याने शरीरातलं पाणी कमी होतं आणि खडा विरघळत नाही. त्यावर उपाय पाणी आणि डॉक्टर. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की आता सांगताना थकवा येतो.

लांदाचं इतकं कौतुक करून मी दारूबंदीच्या मुळावर घाव घालतो आहे का, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो. गडचिरोलीतल्या बायांनी बंदीसाठी मोर्चे काढले, गावसभा घेतल्या, भट्ट्या फोडल्या. ज्या घरात मजुरी दारूत गेली त्या घराला विकरांची गोष्ट सांगायची माझी हिंमत नाही. बंदीला माझा पाठिंबा आहे आणि राहील. शंका एवढीच, की पेयाला विरोध करताना त्यामागचं ज्ञानही आपण गुन्ह्याच्या खात्यात टाकलं का? मोड आणणारी बाई पोलिसाला घाबरून ते करणं सोडेल, तिची मुलगी ते शिकणार नाही, आणि दोन पिढ्यांनी कुणी विचारलं तर सांगायला कुणी उरणार नाही.

या ज्ञानाचा मद्याशी संबंध नसलेला एक उपयोग आहे आणि भामरागडला तो सगळ्यात जास्त हवा आहे. लहान मुलाची पेज दाट केली तर त्याला गिळवत नाही, पातळ केली तर त्यात पाणीच जास्त, पोषण थोडं. इवल्या पोटात मावणार तरी किती? म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत मल्लेशी आणि देसिकाचार यांनी, आणि बडोद्याला तारा गोपालदास यांनी १९८०च्या दशकात यावर काम केलं. नाचणीला मोड आणा, वाळवा, हलकी भाजा, दळा. दाट शिजवलेली पेज थोडी निवली की त्यात हे पीठ चमचाभर घालून ढवळा. हा प्रयोग मी अंगणवाडीत करून दाखवतो. चमचा उभा राहील अशी पेज काही मिनिटांत वाटीच्या कडेने वाहू लागते. पाण्याचा थेंबही घातलेला नसतो. अमायलेजने पिष्टाच्या माळा तोडलेल्या असतात. मग पुन्हा एक उकळी द्यायची, म्हणजे जंतूंची भीती राहत नाही. आता मूल तेवढ्याच वाटीत कितीतरी जास्त धान्य खातं. यीस्ट नाही, मद्य नाही. मॅशची पायरी तेवढी घेतलेली आहे.

पथ्यं सांगितलीच पाहिजेत. पीठ खरपूस भाजलं तर विकर मरतं. बाजारातल्या पुष्कळशा सत्त्वांचं तसंच होतं. चव येते, पेज पातळ होत नाही. मोडांना बुरशी धरली तर तो घाणा फेकून द्यावा, मक्याच्या बाबतीत तर नक्कीच, कारण अफ्लाटॉक्सिन शिजवूनही जात नाही. ज्वारीचे मोड लहान मुलांसाठी वापरू नयेत, त्यांच्यात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. नाचणी या सगळ्यांत भरवशाची.

तेव्हा संपादकांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. इंग्लंड-अमेरिकेतल्या मुलांनी डब्याकडून धान्याकडे जरूर जावं, तिथल्या कायद्यात राहून. मात्र माल्टही विकत न आणता एकदा दाण्याला स्वतः मोड आणून पाहावा, कारण खरी विद्या तिथे आहे. आणि इथे, महाविद्यालयांनी लांदाची प्रक्रिया बस्तरच्या बायांकडून रीतसर शिकून घ्यावी. कुठलं धान्य, मोड किती दिवस, ऊन किती, पीठ कितपत निवल्यावर मिसळलं, हे सगळं नोंदवावं आणि ते ज्ञान कुणाचं आहे तेही लिहावं. मडक्यात पुढे काय होऊ द्यायचं, ते कायद्याने आणि गावाने ठरवावं. अंकुरलेल्या दाण्याचं पीठ मात्र याच हिवाळ्यात भामरागडच्या प्रत्येक अंगणवाडीच्या डब्यात असायला हवं. त्यासाठी कुठल्याही परवान्याची गरज नाही.