लातूरच्या वाटेवरचा पिंगळा

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला जाताना पूर्वी गाव मागे पडले की काळोख सुरू व्हायचा. आता धाबे, पेट्रोल पंप, मंगल कार्यालये यांचे दिवे वाटेवर जागोजागी दिसतात. त्या उजेडावर किडे जमतात आणि किड्यांमागे येतो पिंगळा, साळुंकीएवढे ठिपक्यांचे घुबड. किडा टिपायला तो रस्त्यावर उतरतो; समोरून गाडी आली की डोळे दिपतात आणि चाकाखाली सापडतो.

दूर समुद्रावरही हेच घडते. आइसलंडच्या वेस्टमन बेटांवर पफिन या समुद्रपक्ष्याची पिल्ले रात्री बिळातून निघतात आणि समुद्राऐवजी गावातल्या दिव्यांकडे भरकटतात. तिथली मुले पुठ्ठ्याची खोकी घेऊन त्यांना शोधतात व दिवसा समुद्रावर सोडून देतात.

आपल्याकडे पिंगळ्याला दिव्यापेक्षाही अंधश्रद्धेने जास्त मारले. अशुभ म्हणून दगड, करणी-भानामतीसाठी बळी! १९७२ च्या कायद्याने घुबडाला संरक्षण आहे, पण कायदा मनात उतरायला वेळ लागतो. पुणे जिल्ह्यातील पिंगोरी गावी इला फाउंडेशनने २०१८ मध्ये घुबड महोत्सव भरवला. तिथे मुलांनी घुबडांची चित्रे काढली. चित्र काढायचे तर पक्षी नीट पाहावा लागतो, आणि नीट पाहिले की भीती उरत नाही.

बंधू-भगिनींनो, आपल्या वस्त्यांत खांबावरचा दिवा सुखासुखी आलेला नाही. त्यासाठी अर्ज करावे लागले, मोर्चे काढावे लागले. रात्रपाळीहून परतणाऱ्या आयाबहिणींना उजेड हवाच. तो विझवा असे कोणी सांगू नये. पण दिव्याला वरून झाकण लावले तर उजेड आभाळात न जाता पायाखाली पडतो. कार्यक्रम संपल्यावर मोठे फोकस बंद करायला तर काहीच खर्च नाही.

पौष पौर्णिमेला दाभडच्या बावरीनगर महाविहारात धम्म परिषदेसाठी आपली कुटुंबे जमतात. १९५६ साली बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. पिंगळा त्यातून वगळलेला नाही. येत्या रविवारी विहारातल्या मुलांच्या हाती रंग द्या, भिंतीवर एक पिंगळा काढू द्या. शेजारच्या म्हातारीने 'अशुभ' म्हटले, तर तो शेतातले किडे आणि उंदीर खातो, हे मुलेच तिला समजावून सांगतील.