केलगेरीहून होन्नावरच्या वाटेने

धारवाड मागे टाकून गोव्याच्या रस्त्याने पश्चिमेस निघाले, की वस्ती विरळ होत जाते आणि केलगेरीचे विस्तीर्ण तळे दृष्टीस पडते. काठाशी म्हशी मानेपर्यंत पाण्यात डुंबत असतात. मागे काळ्या जमिनीचा सपाट मुलूख आणि पुढे मलनाडाची झाडी, अशा सांध्यावर हे गाव वसले आहे.

1818 साली पेशवाई बुडाल्यावर धारवाडवर इंग्रजी अंमल बसला आणि पुढे तो मुंबई इलाख्यात गणला गेला; परंतु येथून किनाऱ्यापर्यंत पसरलेला उत्तर कानडा 1862पर्यंत मद्रासकडेच होता. दफ्तरे एका इलाख्यातून दुसऱ्यात गेली तेव्हा होन्नावरात जन्मलेला नारायण गणेश चंदावरकर हा मुलगा सहा वर्षांचा होता, आणि त्याच्या भाग्याची वाट मद्रासऐवजी मुंबईकडे वळली ती या सरकारी फेरफारामुळेच, अशी माझी समजूत आहे. मुंबईत त्यांना एल्फिन्स्टन कॉलेज लाभले, मामा शामराव विठ्ठल कायकिणी यांच्यासारख्या सुधारकाचा आधार लाभला, आणि वकिलीबरोबरच 'इंदुप्रकाश'च्या इंग्रजी विभागाचे संपादकत्वही लाभले.

1885 साली मनमोहन घोष व सालेम रामस्वामी मुदलियार यांच्यासह ते विलायतेस गेले. ज्या निवडणुकीत आपल्या देशबांधवांना मतच नव्हते, तिच्या मतदारांपुढे हिंदुस्थानची कैफियत मांडण्यासाठी हा समुद्रप्रवास होता. सत्ता हाती असलेल्या सुधारकाची गोष्ट वेगळी असते: त्याच सुमाराचे बेल्जियमचे उदारमतवादी पुढारी फ्रेर-ऑर्बान यांच्या हाती प्रधानपद होते. म्हणूनच 1879 साली प्राथमिक शाळा धर्मसंस्थेच्या वर्चस्वातून सोडविणारा कायदा त्यांना करता आला, मग 1884च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाची सत्ता गेली तरी. चंदावरकरांच्या हाती मात्र केवळ युक्तिवाद होता, आणि तरीही त्यांनी तो विलक्षण निष्ठेने केला.

1900 साली लाहोरच्या काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी मुंबई हायकोर्टाच्या न्यायासनामुळे राजकारणाचे व्यासपीठ सुटले. ही हानी मला तितकीशी मोठी वाटत नाही. रानड्यांच्या पश्चात प्रार्थनासमाजाची धुरा त्यांनी वाहिली, आणि 1906 साली जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी मुंबईत 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' काढले, तेव्हा त्याचे अध्यक्षपद हायकोर्टाच्या या न्यायमूर्तींनीच स्वीकारले. विलायतेतील मतदारांना विनविण्याहून स्वजनांच्या अंतःकरणाला हात घालणे अधिक कठीण होते, आणि माझ्या मते चंदावरकरांचे खरे मोठेपण या दुसऱ्या कामात आहे.