एका ठोक्यावर मिरवणूक

बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत मी 'कन्फ्लिक्ट ट्रान्सफॉर्मेशन अँड सोशल जस्टिस' या विषयात एम.ए. केलं. प्रबंधासाठी वर्गातल्या बहुतेकांनी भारदस्त विषय घेतले होते: कोलंबियातला शांतता करार, सीरियाचे निर्वासित. मी मिरवणुका घेतल्या. मार्गदर्शक बाईंनी कारण विचारलं तेव्हा "मी मिरजेची आहे" एवढंच बोलून गेले, आणि मग अर्धा तास मिरज म्हणजे काय ते सांगत बसले. दर्गा, सतारमेकर, गणपतीतल्या स्वागत कमानी. २००९ च्या सप्टेंबरात एका कमानीवरच्या अफझलखानवधाच्या चित्रावरून पेटलेली दंगल. तेव्हा मी शाळेत होते. संचारबंदीत घरात पत्ते खेळल्याचं आठवतं, आणि त्या वर्षी विसर्जन लांबलं, तेही.

पहिलं सत्र सगळं थिअरीचं होतं. योहान गाल्टुंग हे नाव तर पहिल्याच तासाला आलं. मारामारी थांबली की जी येते ती एक शांतता, अन्याय संपल्यावर जी येते ती दुसरी, आणि पहिलीलाच दुसरी समजून लोक हात झटकून मोकळे होतात, अशी त्याची मांडणी. ती मला पटली. कांद्याचं कोष्टक मात्र फारसं पचलं नाही. वरची साल म्हणजे माणूस तोंडाने जे मागतो ते, आत त्याचं हित आणि गाभ्यात त्याची गरज. वर्ग या सोलण्यात रंगून जायचा. माझा अनुभव असा, की मिरवणूकवाल्याला कितीही सोललं तरी शेवटी आत मिरवणूकच सापडते.

उत्तर आयर्लंडचं भांडण वरवर पाहता धर्माचं असलं, तरी मूळ वाद ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडला जोडायचं हाच. तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. १० एप्रिल १९९८ ला गुड फ्रायडे करार झाला. मिरवणुकांचा प्रश्न मात्र त्यात सुटला नाही. १६९० च्या बॉइनच्या लढाईत प्रोटेस्टंट राजा विल्यम जिंकला, त्याची आठवण म्हणून ऑरेंज ऑर्डरचे लोक दर १२ जुलैला फ्लूट बँड लावून निघतात. वाट कॅथलिक वस्तीतून जात असली की ठिणगी पडते. पोर्टाडाऊनच्या गार्वाही रोडवर १९९५ पासून दर जुलैत असंच होत गेलं. शेवटी १९९८ च्या कायद्याने परेड्स कमिशन कामाला लागलं.

या कमिशनला मिरवणुकीवर बंदी घालता येत नाही, ते मंत्र्याच्या हातात. कमिशन अटी घालतं: वाट, वेळ, वागणूक. आयोजकाने अठ्ठावीस दिवस आधी पोलिसांकडे '११/१' नावाचा फॉर्म भरायचा. कोणत्या रस्त्याने जाणार, किती माणसं, कोणते बँड, किती वाजता पांगणार, सगळं त्यात लिहायचं. हजारो मिरवणुकांपैकी बहुतेक निमूट पार पडतात. वादग्रस्त असतील त्यांचा निर्णय कारणांसह जाहीर होतो, कोणीही वाचू शकतं. मी असे निर्णय ढिगाने वाचले. फार कंटाळवाणं वाङ्मय, पण मधेच एखादी ओळ अशी यायची की खुर्चीत नीट बसावं लागायचं. अमुक चौक ते तमुक चौक वाद्य वाजवायचं नाही, फक्त ढोलाचा एकेरी ठोका, पावलांना ताल मिळण्यापुरता. म्हणजे गप्पही बसवलं नाही आणि वाजवूही दिलं नाही. २०१२ मध्ये एक बँड बेलफास्टच्या सेंट पॅट्रिक्स या कॅथलिक चर्चच्या दारात गोल गोल फिरत वाजवत राहिला. त्यानंतर त्या रस्त्यासाठी असे ठोके मोजले जाऊ लागले.

शँकिल रोडच्या एका घरी बँडमधले एक आजोबा भेटले. फ्रिजवर चुंबकाने लावलेली फॉर्मची प्रत काढून त्यांनी टेबलावर पसरली, चहाचा डाग सावकाश पुसला आणि म्हणाले, "ज्यांना मी मानत नाही, त्यांच्यासाठी दरवर्षी हे भरतो." ऑरेंज ऑर्डरने या कमिशनवर कित्येक वर्षं बहिष्कारच टाकला होता, तरी फॉर्म जात राहिले. या एका वाक्यातून मी जे शिकले ते अख्ख्या कांद्यातून शिकले नसते.

मुलाखतीआधी माझ्याकडूनही एक कागद सही करून घेतला जायचा. तिथल्या १९६७ च्या फौजदारी कायद्याच्या पाचव्या कलमानुसार गंभीर गुन्ह्याची माहिती कळूनही पोलिसांना न सांगणं हाच गुन्हा. त्यामुळे मुलाखत सुरू होण्याआधी समोरच्याला सांगायचं, की ज्यावर खटला चाललेला नाही असं काही मला सांगू नका. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजने या संघर्षातल्या जुन्या बंदूकधाऱ्यांच्या आठवणी मरेपर्यंत गुप्त ठेवू म्हणून ध्वनिमुद्रित केल्या, आणि २०११ पासून पोलीस कोर्टामार्फत त्या टेप मागू लागले. तेव्हापासून तिथे संशोधक आधी तोंड बंद करायला शिकतो, मग प्रश्न विचारायला. सत्याशिवाय समेट नाही असं वर्गात शिकवायचे आणि बाहेर पडताना हा कागद हातात द्यायचे. यातली विसंगती कोणीही लपवत नव्हतं, हे मला त्या विभागाचं सगळ्यात मोठं सौजन्य वाटलं.

कॅथलिक फॉल्स आणि प्रोटेस्टंट शँकिल या वस्त्यांच्या मधे क्युपार वेची भिंत आहे: खाली काँक्रीट, वर पत्रा, त्यावर जाळी. पलीकडे लॅनार्क वेचं फाटक संध्याकाळी बंद होतं. २०२३ पर्यंत अशा सगळ्या भिंती काढायचं तिथल्या सरकारने २०१३ मध्ये ठरवलं होतं. मी तिथे होते तेव्हा भिंत जागेवरच होती आणि पर्यटक तिच्यावर मार्करने शुभेच्छा लिहीत होते. त्याबद्दल एवढंच पुरे.

परत आल्यावर गणपतीच्या तोंडावर शांतता समितीच्या बैठकीला गेले. वडिलांचे मित्र, आमचे काका, कित्येक वर्षं त्या समितीवर आहेत. लहानपणापासून माझी समजूत, की ही बैठक म्हणजे हार, चहा आणि बंधुभावावर भाषणं. भाषणं झालीच. पण खरी बैठक नंतर, चपला घालताना झाली. नमाजाच्या वेळी कोणतं मंडळ कुठे थांबणार, डॉल्बी कुठे बंद, कमानीच्या मजकुरावर आधी कोण नजर टाकणार, हे दोन-तीन वाक्यांत आणि एका फोनवर ठरलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मी काकांना म्हटलं, "हे लिहून का ठेवत नाही? पुढच्या वर्षी माणसं बदलली तर?"

"लिहिलं की कोर्टात जातं," काका म्हणाले. "आणि मग पुढारी येतात वाचायला. तोंडी आहे तोवर आमचं आहे."

मी बेलफास्टचे छापील निर्णय सांगितले, ढोलाच्या ठोक्याचंही सांगितलं. ते त्यांना आवडलं, पण ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तिकडे फॉर्मवर धर्म लिहावा लागतो का?" फॉर्मवर नाही, म्हटलं, पण विधानसभेत निवडून आलेल्याला युनियनिस्ट, नॅशनॅलिस्ट की इतर, ते वहीत नोंदवावं लागतं. "मग भांडण मिटणार कसं," असं म्हणून त्यांनी स्कूटरला किक मारली. मी त्यांच्याशी सहमत नाही. २००९ मध्ये तोंडी गोष्टी कुठवर टिकल्या ते आम्ही दोघांनी पाहिलंय, आणि हा वाद आमच्यात अजून चालू आहे.