विचारण्याची भाषा

'प्रश्नमंजूषा' हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की त्यातील मंजूषेकडे आपले लक्ष जात नाही. मंजूषा म्हणजे पेटी; कोणीतरी काही जपून ठेवले आहे आणि झाकण उघडल्यावर ते दिसणार आहे, असा भाव त्या शब्दात आहे. इंग्रजीतील 'ट्रिव्हिया' या शब्दाची कथा याहून गमतीची. लॅटिनमध्ये तीन वाटा जेथे मिळतात त्या जागेला 'ट्रिव्हियम' म्हणत. कोकणात तिलाच तिठा म्हणतात. तिठ्यावर भेटणाऱ्या माणसांचे बोलणे ते किरकोळ, असा अर्थ पुढे त्या शब्दाला चिकटला. पण मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांत व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या पायाभूत विद्यात्रयीलाही हेच नाव होते. किरकोळ गप्पा आणि विद्येचा पाया यांना एकच शब्द असावा, हे मला सूचक वाटते. आपल्या 'सामान्यज्ञान' या शब्दाचेही तसेच आहे. व्यवहारात 'सामान्य' म्हणजे मामुली. न्यायवैशेषिकांच्या परिभाषेत मात्र अनेकांत जे एकपणाने असते ते सामान्य. सामान्यज्ञान म्हणजे मामुली ज्ञान की अनेकांना बांधणारे ज्ञान, हा प्रश्न मला एरवी कोशापुरताच राहिला असता. तो जिवंत झाला तो एका स्पर्धेमुळे.

गेली काही वर्षे दिल्ली, नोएडा आणि गुरुग्राम येथील मराठी कुटुंबांच्या एका छोट्या सांघिक स्पर्धेसाठी प्रश्न काढण्याचे काम माझ्याकडे आले आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, धुके उतरल्यावर, कोणाच्या तरी वसाहतीतील सामायिक सभागृहात रविवारी दुपारी सामने होतात. आठ संघ, प्रत्येकात चौघे. त्यांत एक जण सोळा वर्षांखालील आणि एक साठीच्या पुढचा असलाच पाहिजे, एवढाच नियम. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी एकदा खेळतो. प्रश्नाला तीस सेकंद. उत्तर आले नाही तर प्रश्न समोरच्या संघाकडे जातो. वेळ संपल्याची खूण स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवून केली जाते. बक्षीस म्हणून पुस्तके असतात, आणि संक्रांतीच्या सुमारास तिळगूळ.

या खेळात मला सर्वांत मोलाचे वाटतात ते प्रश्न आणि उत्तर यांच्या मधले तीस सेकंद. एकट्या स्पर्धकाला उत्तर येते किंवा येत नाही. संघाचे तसे नसते. एकाला नाव आठवते पण आडनाव नाही. दुसऱ्याला साल अंधुक ठाऊक असते. तिसरी म्हणते, ते नाही, ते असते तर प्रश्न असा विचारला नसता. उत्तर असे तुकड्यातुकड्यांनी जुळत येते आणि जेव्हा येते तेव्हा ते कोणा एकाचे नसते. सामान्य या शब्दाचा जुना अर्थ त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर उभा राहतो.

प्रश्नोत्तरांच्या स्पर्धेचे आजचे रूप आपल्याकडे आले ते शहरी आणि इंग्रजी वळणाने. कलकत्त्यात १९६७ साली नील ओब्रायन यांनी खुली स्पर्धा घेतली, तेव्हापासून या प्रकाराचा भारतातील इतिहास सांगण्याचा प्रघात आहे. १९७२ पासून बोर्नव्हिटाची स्पर्धा आकाशवाणीवर ऐकू येऊ लागली. हमीद सयानी आणि त्यांच्यानंतर अमीन सयानी यांच्या आवाजाने ती घराघरांत नेली. १९८५ साली सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' दूरदर्शनवर आला आणि महाविद्यालयीन संघांची ती चुरस देशभर पाहिली गेली. २००० साली 'कौन बनेगा करोडपती'ने हिंदीला आणि २०१३ साली तिच्या मराठी भावंडाने मराठीला ते आसन मिळवून दिले. परंतु तेथे संघ उरला नाही. दिव्यांच्या झोतात बसलेली एकटी व्यक्ती आणि वाढत जाणारी रक्कम एवढेच उरले.

मात्र संघाने संघाला प्रश्न घालण्याची रीत आपल्याला बाहेरून शिकावी लागली, असे समजण्याचे कारण नाही. कलगी आणि तुरा या शाहिरी परंपरेतील फडांचे सवालजबाब म्हणजे दुसरे काय होते? तुरेवाले शिवाचे श्रेष्ठत्व मांडणार, कलगीवाले शक्तीचे. एका फडाने भेदिक कवनातून कूट घालायचे आणि दुसऱ्याने ते तेथल्या तेथे, त्याच चालीत सोडवायचे. उत्तराबरोबर उलट सवालही टाकायचा. येथे प्रश्न विचारणारा कोणी तिऱ्हाईत परीक्षक नव्हता. जो उत्तर देणार तोच पुढचा प्रश्न विचारणार. सूत्रधाराच्या हातात कार्डांचा गठ्ठा देणारी आधुनिक स्पर्धा हा अधिकार खेळाडूकडून काढून घेते. हा फरक मी बरीच वर्षे केवळ अभ्यासकाच्या कुतूहलाने पाहत होतो. गेल्या वर्षी तो आमच्या दारात आला.

स्पर्धेच्या तयारीसाठी बसलेल्या बैठकीत काही तरुण पालकांनी एक सूचना मांडली. मुले देवनागरी सावकाश वाचतात. 'गुरुत्वमध्य', 'अपभ्रंश', 'लोकसंख्येची घनता' असे शब्द त्यांना अडतात. प्रश्न कळला नाही म्हणून गुण जातात, हे अन्यायाचे आहे. तेव्हा प्रश्न इंग्रजीत किंवा हिंदीत असावेत. उत्तर ज्याला हवे त्याने मराठीत द्यावे. सूचना मांडणारी मंडळी मराठीची शत्रू नव्हती. त्यांपैकी एकजण आपल्या मुलीला रविवारी सकाळी स्वतः मराठी शिकवतात. "सर, मुलं यायचीच थांबली तर भाषा कोणाला शिकवणार?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो सोपा नव्हता.

त्या सूचनेने मला दिल्लीतल्याच एका मोठ्या परीक्षेची आठवण झाली. जुन्या राजेंद्रनगरात आणि मुखर्जीनगरात महाराष्ट्रातून आलेली शेकडो मुले लहान खोल्यांतून सामान्य अध्ययनाची टिपणे काढत बसलेली असतात. दौलतसिंह कोठारी समितीच्या १९७६ च्या अहवालानंतर, १९७९ पासून, नागरी सेवांच्या मुख्य परीक्षेत आठव्या अनुसूचीतील भाषांतून उत्तरे लिहिण्याची मुभा मिळाली. हे पाऊल केवढे मोठे होते हे विसरता कामा नये. साताऱ्याच्या किंवा हिंगोलीच्या मुलाला आपल्या भाषेत राज्यकारभाराविषयी लिहिता येऊ लागले. परंतु भाषा-साहित्याचे पेपर वगळले तर प्रश्नपत्रिका आजही हिंदी आणि इंग्रजी या दोनच भाषांत निघतात. म्हणजे उत्तर मराठीत चालते; प्रश्न मराठीत पडत नाही. आमच्या पालकांनी नकळत हीच व्यवस्था एका सभागृहापुरती सुचवली होती.

प्रश्न कोणत्या भाषेत पडतो याने एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. याचे उत्तर मी तात्त्विक चर्चेने देऊ शकलो नसतो. ते मला आधीच्या वर्षीच्या एका सामन्याने दिले होते.

त्या सामन्यात मी मुद्दाम एक प्रश्न ठेवला होता: लक्ष्मीपूजनाची अमावास्या कोणत्या महिन्याची? एका शब्दाच्या उत्तराला अर्धे गुण, कारणासह उत्तराला पूर्ण. एका संघात कराडहून आलेल्या आजी होत्या, त्यांची मेरठची सून होती, नातू होता आणि शेजारचे एक निवृत्त अभियंते. आजी म्हणाल्या, "आश्विन. यात विचारायचं काय?" सून हळूच म्हणाली, "आई, आमच्या माहेरी तर कार्तिक म्हणतात." तीस सेकंदांपैकी वीस अशीच गेली. मग अभियंत्यांनी विचारले, "वहिनी, तुमच्याकडे महिना संपतो कधी?" "पौर्णिमेला." "आणि आपल्याकडे अमावास्येला," आजी म्हणाल्या. नातवाने लिहिले: मराठी पंचांगात आश्विन, उत्तरेकडच्या पंचांगात कार्तिक, कारण महिना संपण्याचा दिवस वेगळा.

हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. अमान्त आणि पूर्णिमान्त या दोन गणनांत शुद्ध पक्षाचे नाव सारखेच राहते, वद्य पक्षाचे तेवढे बदलते. म्हणून आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीची, दिल्लीची जन्माष्टमी भाद्रपदाची. आपली महाशिवरात्र माघातली, येथली फाल्गुनातली. दिवस तोच, चंद्र तोच, उपवासही तोच. दिल्लीत आयुष्य काढलेल्या मराठी माणसाने ही दोन नावे शेकडो वेळा ऐकलेली असतात. परंतु ती एकमेकांसमोर ठेवून पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो. तो येतो प्रश्न विचारला गेला म्हणून, आणि तो मराठीत विचारला गेला म्हणून. इंग्रजीत हाच प्रश्न मला 'ऑक्टोबर की नोव्हेंबर' असा करावा लागला असता, आणि त्या चौघांना एकमेकांशी बोलण्याचे काही कारणच उरले नसते.

सामना संपल्यावर दुसऱ्या संघातील एका गृहस्थांनी हरकत घेतली. ते हिशेबखात्यात नोकरी केलेले, नेमके बोलणारे. "एका प्रश्नाला दोन उत्तरं असतील तर तो स्पर्धेचा प्रश्न नव्हे," ते म्हणाले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. स्पर्धेला निकाल हवा असतो, आणि निकालाला एकच उत्तर. मी त्यांना एवढेच सांगितले की उत्तर एकच आहे. ते एका शब्दाचे नसून एका वाक्याचे आहे. ते हसले, पण त्यांचे समाधान झाले नाही. अजूनही ते प्रत्येक सामन्याआधी विचारतात, "आज वाक्याचे प्रश्न किती?"

बैठकीतल्या सूचनेचा विचार करताना मला आपल्या कोशकारांचीही आठवण होत होती. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आले, आणि मराठीत तेवीस खंडांचा ज्ञानकोश उभा करण्याच्या कामाला त्यांनी स्वतःला जुंपून घेतले. पुढे ज्यांनी वाईला बसून मराठी विश्वकोशाचे संपादन केले ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी १९५४ साली याच दिल्लीत भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. आमच्या स्पर्धेत हा प्रश्न हमखास येतो आणि मुले त्याचे उत्तर पाठ म्हणतात. परंतु कोश म्हणजे काय असते? मराठीत कोणालातरी कधीतरी पडतील अशा प्रश्नांची वर्णानुक्रमे लावून ठेवलेली उत्तरे. ज्या भाषेत प्रश्नच पडेनासे होतील तिचे कोश कितीही समृद्ध असले तरी बंद पेटीसारखे राहतील. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. २०२५ च्या फेब्रुवारीत तालकटोरा मैदानावर डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा दिल्लीत संमेलन भरले. दोन्ही गोष्टींचा आनंद मला आहे. पण भाषेचा दर्जा हे एक उत्तर आहे, आणि उत्तराने भाषा जगत नाही.

बैठकीत मी पालकांची अडचण नाकारली नाही. ती खरीच होती. मी एवढेच सुचवले की कठीण शब्द असलेला प्रश्न दोनदा वाचावा, हवा तर त्या शब्दाचा अर्थ सांगावा, पण प्रश्न मराठीतच राहावा. आणि प्रत्येक संघाने आपले दोन मराठी प्रश्न घेऊन यावेत व ते समोरच्या संघाला घालावेत. सवालजबाबाची जुनी रीत मी अशी मागच्या दाराने आत आणली. निर्णय एका मोसमापुरता झाला. पुढे काय करायचे ते उन्हाळ्यात पुन्हा ठरणार आहे, आणि मते अद्याप विभागलेलीच आहेत.

परंतु त्या मोसमात एक गोष्ट घडली. प्रश्न शोधण्यासाठी मुले सांगलीला, नांदेडला, सावंतवाडीला आजीआजोबांना फोन करू लागली. गुरुग्रामच्या एका बारा वर्षांच्या मुलीने आणलेला प्रश्न असा होता: "'पायलीचे पन्नास' असं आपण म्हणतो, तर एका पायलीचे शेर किती?" तिच्या आयुष्यात पायली नाही, शेरही नाही, दोन्ही मापे तिच्या जन्माच्या कितीतरी आधी बाजारातून गेलेली. तिने ती एका वाक्प्रचाराच्या आत शोधून काढली होती. समोरच्या संघात कुजबूज सुरू झाली. एकजण म्हणाले सोळा, दुसऱ्या म्हणाल्या आठ. अधोली म्हणजे अर्धी पायली, आणि अधोलीत दोन शेर येत, असे त्यांच्यातल्या आजोबांना आठवले, आणि तेवढ्यावरून नातीने हिशेब केला. "चार!" मुलीने मान हलवली आणि आपला दुसरा कागद उलगडला.