मिनी आणि वंशावळीची वही

पिंजऱ्यासंबंधीची आमची मते वर्गात शिकवता शिकवता पक्की झाली होती. कवितेत पिंजरा आला की स्वातंत्र्य विरुद्ध बंधन अशी मांडणी करायची आणि पुढच्या कडव्याकडे वळायचे, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू हिमालयन प्राणिसंग्रहालयात लाल पांडा पाहिला, तेव्हा ही मांडणी प्रथमच अपुरी वाटली.

प्राणी मांजराहून थोडा मोठा. तांबूस अंग, काळे पोट, शेपटीवर वलये. (‘पांडा’ हे नाव मुळात याचेच, काळ्यापांढऱ्या थोरल्याला ते पुढे मिळाले. आज यालाच ‘लाल’ असे विशेषण लावून ओळख पटवावी लागते, हा भाषेचा अन्यायच म्हणायचा.) वर्गवारीत मांसभक्षक, खातो मात्र बांबूची पाने. मादी वर्षातून एकदाच, तेही जेमतेम एखादा दिवस, माजावर येते. अशाचा वंश माणसाने चालवायचा म्हणजे वही हवी: कोण कोणाचे पिलू, कोणाची जोडी कोणाशी लावायची, कोणाशी नाही. जगभरातल्या बंदिस्त लाल पांडांची ही वंशावळ रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात ठेवली जाते. गोत्र पाहण्याची ही रीत ओळखीची वाटून आम्हांला किंचित हसू आले.

ते फार टिकले नाही. २००३ साली स्वीटी आणि मिनी या बंदिवासात वाढलेल्या दोन माद्या सिंगालीलाच्या जंगलात सोडल्या गेल्या. आधी जंगलातच कुंपण घालून त्यांना सवय करून दिली होती. स्वीटीने रानातल्या नराशी जोडी जमवली आणि २००४ मध्ये झाडाच्या ढोलीत ती व्याली. मिनीला श्वापदाने मारले.

मिनी आमच्या मनातून जात नाही. बिबट्या कधी न पाहिलेल्या जिवाला ‘आता जा’ असे सांगण्याचा अधिकार माणसाला कोणी दिला? आणि न सांगावे, तर वहीतल्या नोंदी वाढतील, रान मात्र रिकामे होत जाईल. अधिकार नाही म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण त्याच्या रानाचे तुकडे आधी केले ते माणसानेच. २०२२ ते २०२४ या काळात आणखी नऊ जण सिंगालीलात सोडले गेले. सोडणाऱ्यांना त्या रात्री झोप लागली असेल का, असे वाटत राहते.

परतल्यावर पिंजऱ्याची तीच कविता पुन्हा वाट्याला आली. फळ्यावर डावीकडे ‘स्वातंत्र्य’ लिहिले आणि हात थांबला. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, उजवीकडे बंधन ना?” आम्ही खडू खाली ठेवला आणि तिला मिनीची हकिकत सांगू लागलो.