वर्षअखेरीची टिपणे : मिशन शाळेतून

पट्टा पडला

साखर कारखान्यांचे पट्टे पडायला, म्हणजे गाळप हंगाम संपायला लागले की आमचे वर्ग भरतात. पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्याच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडतात. ज्यांच्या घरी आजी-आजोबा असतात ती मुले हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावात राहतात. बाकीची आईबापांबरोबर फडावर जातात आणि वार्षिक परीक्षेच्या तोंडावर परततात.

तिसरीतली एक मुलगी काल आली. हातांवर पाचटाने कापल्याच्या बारीक रेघा. गुपचूप आपल्या जागी जाऊन बसली. शेजारच्या मुलीने दप्तरातून एक वही काढून तिच्यापुढे सरकवली. दसऱ्यापासून ती मैत्रिणीच्या नावाची वही सांभाळत होती. प्रत्येक पानावर तारीख, वार, धड्याचे नाव. खाली पान कोरे. “तू आल्यावर लिहिशील ना,” एवढेच म्हणाली. हे तिला कुणी शिकवले नव्हते. यंदाच्या बातम्यांत ही बातमी मी सगळ्यात वर लिहून ठेवते.

फरारबाई

नगरला अमेरिकन मराठी मिशन आले १८३१ साली. सिंथिया फरार १८२७ च्या अखेरीस मुंबईत उतरल्या, १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या आणि १८६२ साली इथेच वारल्या. जोतीराव फुल्यांना मुलींची शाळा काढायची प्रेरणा झाली ती फरारबाईंची शाळा पाहून. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले. आमच्याकडे कुठलाही कार्यक्रम असो, पाहुण्यांच्या भाषणात हे येतेच, आणि यायलाच हवे.

पण त्या काळी मुलगी शाळेत यावी म्हणून घरोघरी जाऊन विनवावे लागे. आजही आम्हाला तेच करावे लागते. वारसा सांगणारी माणसे आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यांतल्या निम्म्यांनी आपले नातवंड पहिलीत घातले तरी शाळेची काळजी मिटेल.

पट

ही काळजी आकड्यांची आहे, म्हणून आकडेच लिहिते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, एकशे वीसपर्यंत चार. शिक्षकपदांची संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि त्यात आधार जुळलेली मुलेच धरली जातात. म्हणजे एखाद्या मुलाच्या आधारवर जन्मतारीख चुकली आणि पट काठावर असला, तर शाळेतले एक पद धोक्यात येते.

म्हणून वर्षअखेरीचे आमचे एक मोठे काम म्हणजे पालकांना घेऊन आधार केंद्रावर जाणे. या कामात चर्चच्या तरुण संघाच्या पोरांनी फार हात दिला. आपापल्या मोटारसायकलींवर त्यांनी वस्तीवरच्या आयांना नेले-आणले. ज्यांच्यासाठी हे केले त्यांतली बरीचशी मंडळीच्या बाहेरची. कुणी विचारलेही नाही की हे मूल कुणाचे.

झावळ्यांचा रविवार

उपवासकाळ आणि परीक्षेचे दिवस बहुतेक एकत्रच येतात. एका बाजूला उजळणी, दुसऱ्या बाजूला झावळ्यांच्या रविवारची तयारी. शब्बाथ शाळेची मुले शनिवारी शिंदीची पाने आणतात आणि शाळेच्या ओट्यावर बसून नीट करतात. हे काम बघून इतर मुलेही येऊन बसतात. पान टोकाकडून बुडाकडे सोलायचे की बुडाकडून टोकाकडे, यावर यंदा मोठा खल झाला. वस्तीवरच्या एका मुलाचे आजोबा शिंदीचे झाडू बांधतात. त्याने करून दाखवले आणि वाद मिटला.

आमच्या शाळेला अनुदान आहे. राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाप्रमाणे अशा शाळेत कुठल्याही मुलाला पालकांच्या संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही, आणि हे योग्यच आहे. चर्चमधल्या कार्यक्रमाचे निमंत्रण आम्ही सगळ्यांना देतो. ज्याला यायचे तो येतो. पुनरुत्थानाच्या रविवारी मागच्या बाकांवर डोक्यावर पदर घेतलेल्या कितीतरी आया दिसतात. आपले लेकरू गाणार म्हणून त्या आलेल्या असतात. पाळकसाहेब उपासना संपल्यावर आधी त्यांच्याकडे जातात.

अभंगाची चाल

गाण्यांबद्दल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगाची आणि ओवीची वाट दिली. त्यांची कितीतरी गीते ‘उपासना संगीत’मध्ये आहेत. ती बसवताना एक गोष्ट दर वर्षी दिसते. ज्या घरात काकडा आणि हरिपाठ होतो, त्या घरातली मुले ठेका सगळ्यात आधी पकडतात. यंदा टाळ धरणारा मुलगा विणेकऱ्याचा नातू. पेटीवर आमचे संगीताचे सर, ढोलकीवर चौथीतला एक जण. कुणाचे काय कुठून आले हे त्या मुलांच्या गावीही नव्हते. टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात. त्यांचे गाणे अशा मुलांच्या तोंडी ऐकले की ते नाव पटते.

निंबाखालचे वाचन

वाचनाची चाचणी हा आमच्या वर्षअखेरीचा सगळ्यात आनंदाचा भाग. तिसरीच्या अखेरीस मुलाने अर्थ समजून मिनिटाला साठ शब्द तरी वाचावेत, अशी ‘निपुण भारत’ची अपेक्षा आहे. मिनिटे मोजणे सोपे आहे. मूल मोठ्याने वाचते तेव्हा त्याच्यासमोर मन लावून ऐकणारे कुणीतरी हवे, ही खरी अडचण. घरी ऐकायला वेळ कुणाला असतो?

म्हणून मंडळीतल्या निवृत्त माणसांना बोलावले. एक पोस्टमन, मिशन दवाखान्यातल्या दोन नर्सबाई, एक एस.टी.चे कंडक्टर. निंबाखाली सतरंजी टाकून एकेका मुलाला जवळ घ्यायचे आणि ऐकायचे. चूक लगेच सांगायची नाही, वाक्य पुरे होऊ द्यायचे, एवढा एकच नियम. कंडक्टरकाका एका मुलाचे वाचन ऐकत होते. मूल ‘क्षितिज’ शब्दापाशी अडले. काका थांबले. मुलाने बोट ठेवून अक्षर लावले, ओठ हलवून पाहिले, आणि शब्द फुटला. काकांनी खिशातून रुमाल काढून आपला चष्मा पुसला आणि म्हणाले, “हं, पुढे.”

रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई लग्नानंतर अक्षरे शिकल्या आणि त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. उशिरा शिकलेल्या माणसाच्या हातून मराठीतले एक थोर पुस्तक झाले. चौथीपर्यंत अडखळणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणण्याआधी आम्हा नगरकरांनी तरी हे आठवावे.

नोंदी

प्रगतिपुस्तकात श्रेण्यांच्या शेजारी तीन रकाने असतात : विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. घाईत लिहिले तर सगळ्या मुलांना ‘चित्रकलेची आवड आहे’ आणि ‘हस्ताक्षर सुधारावे’ होऊन जाते. पण हा कागद घरी जातो, ट्रंकेत जपून ठेवला जातो. वाचता न येणारी आई तो शेजारणीकडून वाचून घेते. आपल्या लेकराबद्दल शाळेने काय लिहिले, हे तिला चार लोकांत ऐकायचे असते.

म्हणून आम्ही शिक्षिका संध्याकाळी थांबून एकेका मुलावर बोलतो आणि मगच लिहितो. यंदा लिहिलेल्या काही नोंदी : ‘नव्या मुलाला स्वतःहून खेळात घेते.’ ‘वजाबाकी तोंडी बरोबर करतो, लिहिताना हातचा विसरतो.’ ‘शेळीच्या आजाराबद्दल वर्गाला माहिती सांगितली.’ ‘पाच महिने बाहेरगावी असूनही पाढे विसरली नाही.’

स्नेहभोजन

पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ मंजूर असतो. त्या शंभर ग्रॅमांत वर्षभर चव आणली ती आमच्या स्वयंपाकाच्या दोघी मावशींनी. शेवटच्या आठवड्यात पालकांनी स्नेहभोजन दिले : पुऱ्या, मटकीची उसळ, जिलेबी. महिला मंडळाने पुऱ्या लाटल्या, वस्तीवरच्या आयांनी तळल्या, वाढायला चौथीची मुले. एक ठरवले होते की त्या दिवशी मावशींनी हात लावायचा नाही. त्यांना पहिल्या पंगतीत बसवले आणि मुलांनी आग्रह कर-करून वाढले. दोघीही सारख्या उठायला बघत होत्या. मुले उठू देईनात.

रजिस्टर

चौथीच्या मुलांचे दाखले लिहिताना जनरल रजिस्टर बाहेर येते. मागची रजिस्टरे कपाटात आहेत. माणसे पुण्या-मुंबईहून त्यांच्यासाठी येतात : कुणाला वयाचा पुरावा हवा असतो, कुणाला जातपडताळणीसाठी आज्याची नोंद. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जुन्या शाळांच्या रजिस्टरांची किंमत सगळ्या महाराष्ट्राला कळली. कुटुंबांकडे जे कागद उरले नाहीत ते शाळांनी सांभाळले. दुष्काळात पोरकी होऊन मिशनच्या वसतिगृहांत आलेल्या मुलांना तर शाळेतले नाव हीच पहिली लेखी ओळख होती.

आमच्या रजिस्टरांना वाळवी लागू नये म्हणून लोखंडी कपाट हवे होते. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली आणि एप्रिलमध्ये कपाट आले. रंग साधा, कुलूप पक्के.

निरोप

चौथीच्या निरोपाला भाषणे ठेवली नाहीत. प्रत्येक मुलाने पहिलीतल्या एका मुलाला काहीतरी शिकवून जायचे, असे ठरले. कुणी लेस बांधायला शिकवले, कुणी नळाची तोटी नीट बंद करायला, कुणी लंगडीत तोल सांभाळायला. वहीवाली मुलगी अजून तिसरीतच आहे याचा मला फार आनंद आहे. आणखी एक वर्ष ती आमच्याकडे असेल.

१ मे

झेंडावंदन, राज्यगीत, मग निकाल. प्रगतिपुस्तक आईच्या हातात द्यायचे, बापाच्या किंवा आजीच्याही. पण मुलासमोर, आणि त्याच्याबद्दल एक चांगले वाक्य मोठ्याने बोलून. वेळ लागतो. ऊन वाढते. तरी कुणी उठून जात नाही.

जूनसाठी

शाळा जूनच्या मध्याला उघडेल. तोवरची कामे : ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलांची घरोघरची यादी पुरी करणे. मे महिन्यात सुट्टीतली बायबल शाळा भरते, तेव्हा तिथल्या पालकांशी बोलणे. तिसऱ्या वर्गाची कौले फेरणे. फडावर जाणाऱ्या टोळ्यांच्या मुकादमांना आत्ताच भेटून, कुणाची मुले मागे राहू शकतील ते विचारणे. ज्यांची राहणार नाहीत, त्यांच्यासाठी वर्गातल्या एकेका मुलाकडे एक कोरी वही देणे. तारखा कशा घालायच्या हे आता सगळ्यांना माहीत आहे.

आणि मंडळीतल्या प्रत्येक घराला एक विनंती : मिशन शाळेचा अभिमान असेल, तर आपले मूल घेऊन या. मूल नसेल तर निंबाखाली या, वाचन ऐकायला माणसे कमी पडतात.