बारा रेघा

डिस्चार्जचा कागद हातात पडला की पेशंटचं निम्मं लक्ष एसटीच्या वेळेकडे लागतं. नेमकं तेव्हाच आपण त्याला इन्सुलिन घ्यायला शिकवायला बसतो. मेडिसिन वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालंय, की हे शिकवणं पहिल्या सुईबरोबरच सुरू व्हायला हवं.

एक आजी होत्या. अक्षरओळख नाही; सोबत सातवीतली नात. "समजलं का आजी?" असं विचारलं तर त्या "हो"च म्हणणार. सगळेच म्हणतात; सिस्टर घाईत आहे, हे त्यांना दिसत असतं. म्हणून सुई नसलेली सिरिंज त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "आता तुम्ही मला शिकवा."

त्यांचं इन्सुलिन दुधाळ, मिसळलेलं. बाटली हलवायची नाही, तळहातांमध्ये हळू फिरवायची. "म्हणजे वाती वळतो तशीच की," आजी म्हणाल्या. माझं काम त्यांनीच सोपं केलं. त्यांच्या बाटलीत एका मिलीला 40 युनिट, म्हणून सिरिंज लाल टोपणाचीच. केशरी टोपणाची 100 युनिटच्या इन्सुलिनसाठी असते. तिच्यात याच बाटलीतलं औषध बाराच्या खुणेपर्यंत भरलं तर पोटात पाच युनिटही जात नाहीत. मेडिकलवाल्यानं चुकून तसली दिली तर परत करायची, हे नातीकडून दोनदा वदवून घेतलं. सकाळी 12 युनिट म्हणजे बारा रेघा. रेघा नातीनं मोजायच्या, टोचायचं आजींनी. बेंबीपासून दोन बोटं लांब, रोज जागा थोडी बदलून, आणि जेवण तयार असल्याशिवाय नाही. पुढच्या सकाळपासून वॉर्डातला डोस त्या स्वतःच घेऊ लागल्या. मी फक्त शेजारी उभी.

फ्रिजचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "शेजारणीकडं हाय, पर रोज कोण तिच्या दारात जाणार?" मग मडकं ठरलं. ओल्या वाळूत ठेवलेलं छोटं मडकं, आत डबीत बाटली. शेतावरच्या घराला हेच परवडतं. छापील तक्त्यांवर मात्र फ्रिजचंच चित्र असतं. साखर फार उतरून घाम फुटला, हात थरथरले तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची आणि मग काहीतरी खायचं. हे नातीनं वहीत लिहून घेतलं.

महिन्यानं ओपीडीत आल्या. पोटावर एकही गाठ नव्हती. साखरही बरी होती. जायला निघता निघता विचारलं, "बाई, एकादशीला सुई घ्यायची का?"

इतक्या बारकाईनं सगळं शिकवलं, पण उपवासाचा विषय कुठल्याच तक्त्यात नव्हता. डोस ठरवणं माझ्या हातात नाही, म्हणून त्यांना पुन्हा डॉक्टरांसमोर बसवलं. उपवास करू नका, असं त्यांनी आधी सांगून पाहिलं. आजी ऐकेनात. शेवटी त्या दिवशी काय खायचं आणि किती रेघा घ्यायच्या, ते वेगळ्या कागदावर लिहून दिलं. आजींनी तो नातीकडून मोठ्यानं वाचून घेतला.

"आन् चतुर्थीचं?"